व्ही-क्रॉसला कोणती स्किड प्लेट बसेल? आधी गाडीखाली झोपून बघा

प्रश्न असा आहे: गाडी २०१८ ची इसुझू व्ही-क्रॉस, अडीच लिटर इंजिन, मॅन्युअल गिअर, फोर बाय फोर. फिरणं इंदूरच्या आसपासचं, म्हणजे चोरल, कजलीगड, जाम गेट आणि जानापावच्या मागच्या कच्च्या वाटा. चोरल नदीच्या पात्रात पुढच्या पत्र्याला दगड लागला आणि पत्रा वर दबून चेंबरला, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याला, टेकला. आता स्किड प्लेट, म्हणजे गाडीच्या पोटाला दगडांपासून वाचवणारी धातूची ढाल, लावून खालून पूर्ण संरक्षण हवं आहे. एक विक्रेता म्हणतो, 'डी-मॅक्सची आहे, बसेल,' कारण व्ही-क्रॉस ही डी-मॅक्स कुळातलीच. दुसऱ्याकडे ॲल्युमिनियमचा सेट आहे, पण तो १.९ ऑटोमॅटिकसाठी बनवलेला. तिसरा इंदूरच्या सांवेर रोडवर पत्रा कापून बनवून देतो म्हणतो. यातलं काय घ्यावं?

प्लेट विकत घेण्याआधी एक काम करा. तो दबलेला पत्रा उतरवा आणि चेंबर नीट बघा. चेंबर पत्र्याचं असेल तर ते आत दबतं, ओतीव ॲल्युमिनियमचं असेल तर तडकतं. तडकलेलं लगेच दिसतं, तेल गळतं. दबलेलं जास्त घातक, कारण गळती नसते आणि माणूस निश्चिंत राहतो. चेंबरच्या तळापासून थोड्या अंतरावर आत ऑइल स्ट्रेनरचं, म्हणजे तेल ओढणाऱ्या जाळीचं, तोंड असतं. तळ वर आला की ते अंतर कमी होतं, पंपाला पुरेसं तेल ओढता येत नाही, आणि घाट चढताना, इंजिनावर सगळ्यात जास्त भार असताना, बेअरिंगला तेल कमी पडतं. चेंबरला खड्डा पडला असेल तर आधी चेंबर काढून स्ट्रेनर तपासा, नाहीतर नवी प्लेट लावून आतलं नुकसान झाकलं जाईल. ड्रेन बोल्टचे, म्हणजे तेल काढायच्या बोल्टचे, आटेही त्याच वेळी बघून घ्या.

आता मूळ मुद्दा. 'डी-मॅक्सची आहे, बसेल' या वाक्यावर कधीही पैसे देऊ नका. प्लेट गाडीच्या नावावर बसत नाही, चेसिसच्या भोकांवर बसते. डी-मॅक्स हे नाव जगभर एकाहून जास्त पिढ्यांच्या गाड्यांना आहे. २०१९ मध्ये थायलंडमध्ये या गाडीची नवी पिढी आली, ऑस्ट्रेलियातही २०२० पासून तीच विकली जाते. आपल्याकडे २०१६ पासून जी व्ही-क्रॉस आली ती त्याच्या आधीच्या पिढीची, आणि २०२१ मध्ये बीएस-६ इंजिन आलं तेव्हाही सांगाडा जुन्याच पिढीचा राहिला. त्यामुळे '२०२१ डी-मॅक्स' असं लिहिलेली परदेशी प्लेट आपल्या २०२१ च्या व्ही-क्रॉसला बसेलच असं नाही. बहुधा बसणारच नाही. बाहेरच्या प्लेटचा विचार असेल तर २०१२ ते २०१९ च्या डी-मॅक्ससाठीची शोधा. त्या पिढीचा पुढचा सांगाडा पहिल्या पिढीच्या एमयू-एक्सशी, म्हणजे इसुझूच्याच एसयूव्हीशी, बराच मिळताजुळता आहे, म्हणून एमयू-एक्सची पुढची प्लेट तपासून बघण्यासारखी असते. एमयू-एक्सचा मागचा भाग मात्र वेगळा आहे, तिथे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत, तेव्हा डिझेल टाकीच्या प्लेटबाबत हा हिशेब धरू नका. टोयोटावाल्यांचंही असंच. हायलक्स आणि फॉर्च्युनर एकाच कुळातल्या, पुढच्या प्लेट अनेकदा दोघींना चालतात, मागचं सगळं वेगळं.

पिढी जुळली तरी चार गोष्टी उरतात. इंजिन कोणतं, गिअरबॉक्स कोणता, फोर बाय फोर आहे की टू बाय फोर (इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते की फक्त दोन), आणि गाडीत आधी काय बदल केले आहेत.

इंजिन बदललं की चेंबरचा आकार, ड्रेन बोल्टची जागा आणि फिल्टरची जागा बदलू शकते. गिअरबॉक्स बदलला की त्याची लांबी आणि त्याला पेलणाऱ्या आडव्या पट्टीची, म्हणजे क्रॉसमेंबरची जागा बदलू शकते. १.९ ऑटोमॅटिकचा सेट तुमच्या २.५ मॅन्युअलला लावायचा तर पुढची, रेडिएटरखालची प्लेट बसण्याची शक्यता चांगली, कारण ती चेसिसच्या पुढच्या पट्ट्यांवरच टांगलेली असते. चेंबरखालच्या प्लेटची भोकं बहुधा जुळतील, पण ड्रेनचं भोक भलतीकडे येऊ शकतं. गिअरबॉक्सची आणि ट्रान्स्फर केसची (गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) प्लेट मात्र प्रत्यक्ष लावून पाहिल्याशिवाय घेऊ नका. विक्रेत्याला स्पष्ट विचारा: ही प्लेट २.५ मॅन्युअल फोर बाय फोरवर प्रत्यक्ष बसवली आहे का, आणि खालून काढलेला फोटो आहे का? ज्याने बसवली आहे त्याच्याकडे फोटो असतो.

टू बाय फोर गाडीसाठी, उदाहरणार्थ हाय-लँडरसाठी, बनवलेली प्लेट फोर बाय फोरला लावणं हा आणखी एक नेहमीचा घोळ. टू बाय फोरमध्ये पुढचं डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटणारी गिअरची पेटी, नसतं, तिथे जागा मोकळी असते, म्हणून प्लेट वर सरकवून बनवलेली असते. तुमच्या गाडीत त्याच जागी डिफरन्शियल आणि दोन्ही बाजूंचे ॲक्सल शाफ्ट आहेत. प्लेट बोल्टवर ओढून बसवली तर ती डिफरन्शियलला टेकते, आणि मग दगडाचा प्रत्येक फटका चेसिसऐवजी सरळ डिफरन्शियलच्या माउंटिंगवर जातो. हे प्लेट नसण्यापेक्षा वाईट.

गाडी दोन इंच उचलली असेल तर विचारणं अजून महत्त्वाचं. पुढचं सस्पेन्शन उचललं की ॲक्सल शाफ्टचा कोन तीव्र होतो, आणि तो कमी करायला काही जण डिफरन्शियल खाली घेणारा स्पेसर टाकतात. तो टाकला असेल तर डिफरन्शियल वीस-पंचवीस मिलिमीटर खाली आलेलं असतं आणि मूळ मापाची प्लेट त्याला घासते. मग प्लेटलाही तेवढेच स्पेसर लागतात, बोल्ट लांब लागतात, आणि लांब बोल्ट बाजूच्या फटक्याला लवकर वाकतो. तुम्ही उचलण्याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून गाडी मूळ उंचीवर आहे असं धरतो. पुढे उचलायची असेल तर आधी उचला, नंतर प्लेट लावा. उलट क्रमाने पैसे दोनदा जातात.

आता गाडीखाली झोपायची वेळ. रॅम्प किंवा खड्डा असलेल्या गॅरेजात जा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, जॅक स्टँड लावाच. पाण्याने माती धुऊन घ्या आणि चेसिसवरचे, क्रॉसमेंबरवरचे सगळे आटेवाले नट शोधून खडूने गोल करा. कारखान्याने ठेवलेली ही भोकंच तुमची भांडवलाची जागा. प्रत्येक जोडीतलं अंतर मोजून कागदावर उतरवा, शेजारी बोल्टचा व्यास आणि आट्यांचं अंतर लिहा. हा कागद हातात असला की कोणत्याही विक्रेत्याशी पाच मिनिटांत बोलणं संपतं, कारण तुम्ही त्याच्या प्लेटची भोकं मागता, गाडीचं नाव सांगत बसत नाही.

चेसिसमध्ये नवं भोक पाडू नका, वेल्डिंग तर नकोच. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या पाटीवर वाकण्याचा ताण सगळ्यात जास्त असतो, आणि तिथलं भोक म्हणजे तडा सुरू व्हायला दिलेली जागा. प्लेटसाठी भोक पाडावंच लागतंय असं कुणी म्हटलं तर समजा, ती प्लेट तुमच्या गाडीची नाही. प्लेट इंजिनाला किंवा गिअरबॉक्सला टांगणारे जुगाडही बघितले आहेत. इंजिन रबरी माउंटवर डोलत असतं. प्लेट त्याला बांधली की थरथर केबिनमध्ये येते आणि दगडाचा धक्का ओतीव ॲल्युमिनियमच्या खोळीवर. भार चेसिसवरच गेला पाहिजे.

इंजिन डोलतं म्हणूनच चेंबर आणि प्लेट यांच्यात वीस ते पंचवीस मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. गाडी उभी असताना दहा मिलिमीटर दिसतंय म्हणून समाधान मानू नका; जुन्या गाडीची माउंट रबरं बसलेली असतात, आणि दगड लागला की प्लेट स्वतःही वर लवते. तपासायची सोपी रीत: मुलांची रंगीत मळलेली माती मिळते, तिचे लिंबाएवढे गोळे प्लेटच्या आतल्या बाजूला चेंबर, डिफरन्शियल आणि ट्रान्स्फर केसच्या बरोबर खाली चिकटवा, प्लेट लावा, खराब रस्त्यावर एक फेरी मारा, प्लेट उतरवा. गोळा किती चेपला ते बघून खरं अंतर कळतं. स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून आणि एक चाक उंचवट्यावर चढवून टाय रॉड, अँटी-रोल बार आणि शाफ्टचे रबरी बूट प्लेटच्या कडेला लागत नाहीत ना, हेही बघा. बुटाला कड घासत असेल तर काही महिन्यांत बूट फाटतो, ग्रीस उडतं, माती शिरते, आणि मग जॉइंटच बदलावा लागतो.

प्लेट एकाहून जास्त असतील तर त्यांचा क्रम कौलांसारखा हवा. पुढच्या प्लेटची मागची कड मागच्या प्लेटच्या पुढच्या कडेखाली यायला हवी, म्हणजे दगड पुढून मागे घसरताना कुठेही कडेत अडकत नाही. वेगवेगळ्या ठिकाणाहून प्लेट जमवल्या की हेच बिघडतं. मागची प्लेट पुढचीपेक्षा खाली लटकते आणि तिची धार नांगरासारखी जमिनीत शिरते. सगळ्यात मागच्या कडेला थोडा वर बाक द्यायला सांगा. खडकातून रिव्हर्स घेताना त्याचं महत्त्व कळतं, आणि चोरलच्या पात्रात रिव्हर्स घ्यायची वेळ येतेच.

उंचीचा हिशेबही इथेच करा, कारण लोक तो विसरतात. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ३०९५ मिलिमीटर आहे. एवढ्या लांब गाडीचं पोट उंचवट्यावर टेकण्याचा धोका आधीच जास्त. मध्यभागी, ट्रान्स्फर केसखाली, प्लेट २० मिलिमीटर खाली आली तर पोट टेकण्याचा कोन साधारण दीड अंशाने घटतो. हे ऐकायला किरकोळ, पण जाम गेटच्या बाजूच्या बांधांवर आणि नाल्याच्या काठांवर त्या दीड अंशात गाडी पार होते किंवा अडकते. म्हणून मधली प्लेट जितकी वर घट्ट बसेल तितकी चांगली. पुढची थोडी खाली असली तरी चालते, कारण तिला तिरका उतार असतो आणि ती गाडीला दगडावर चढवते. आणि एक गोष्ट कोणतीच प्लेट बदलू शकत नाही: गाडीचा सगळ्यात खालचा बिंदू बहुधा मागच्या ॲक्सलचं हौसिंग असतं. त्याची उंची टायरने वाढते, प्लेटने नाही. ते हौसिंग मजबूत असतं, त्याला वेगळी प्लेट मी सुचवत नाही. दोन चाकांच्या मधून दगड जाऊ द्यायचा की चाक त्यावर चढवायचं, हे ड्रायव्हरने ठरवायचं आहे.

स्टील की ॲल्युमिनियम, यावर लोक तासन् तास वाद घालतात, तेव्हा आकडे समोर ठेवू. एक चौरस मीटर पत्र्याचं वजन असं: ३ मिलिमीटर स्टील साडेतेवीस किलो, ४ मिलिमीटर स्टील ३१.४ किलो, ६ मिलिमीटर ॲल्युमिनियम १६.२ किलो. पुढून ट्रान्स्फर केसपर्यंतच्या सेटचं क्षेत्रफळ १.२ चौरस मीटर धरलं, तर ४ मिलिमीटर स्टीलचा सेट सुमारे ३८ किलो आणि ६ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा साडेएकोणीस किलोच्या आसपास. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. ३ मिलिमीटर स्टीलचा विरोध १ धरला तर ४ मिलिमीटर स्टीलचा साधारण २.४ आणि ६ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा २.८ येतो. म्हणजे सहाची ॲल्युमिनियम प्लेट चारच्या स्टीलपेक्षा किंचित ताठ, आणि वजनाने जवळपास निम्मी. कागदावर ॲल्युमिनियम जिंकलं.

जमिनीवर चित्र बदलतं. आपल्या माळव्याखाली दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे. नदीपात्रात तो गुळगुळीत गोट्यांच्या रूपात भेटतो, पण घाटाच्या उतारावर, जानापाव आणि कजलीगडकडे, फुटलेल्या धारदार तुकड्यांच्या रूपात. स्टील त्यावरून खरडत घसरतं. ॲल्युमिनियम मऊ, त्यात दगडाची धार रुतते, गाडी अडते आणि प्लेटवर खोल ओरखडे पडतात. प्रत्येक ओरखडा पुढच्या वेळी आणखी पकडतो. दुरुस्तीचं तर सांगायलाच नको. वाकलेली स्टील प्लेट मानपूरच्या किंवा बडवाहच्या कोणत्याही वेल्डरकडे उतरवून घणाने सरळ करता येते, फाटली तर तिथल्या तिथे शिवता येते. ॲल्युमिनियमला आर्गॉन वेल्डिंग लागतं, ते इंदूरला परत आल्यावर.

ॲल्युमिनियमच घ्यायचं ठरलं तर ग्रेड विचारा. ५०५२-एच३२ वाकवायला आणि वेल्ड करायला चांगलं. ६०६१-टी६ जास्त ताकदीचं असतं, पण घट्ट बाक दिला की बाहेरच्या बाजूने चिरतं आणि वेल्ड केलं की त्या पट्ट्यातली ताकद उतरते. 'एअरक्राफ्ट ग्रेड' असं सांगणाऱ्याला हा आकडा विचारा. नुसतं 'ॲल्युमिनियम' एवढंच उत्तर मिळालं तर घेऊ नका. स्टेनलेस मात्र मी कुणालाच सुचवत नाही: महाग, कापायला-वाकवायला चिवट, आणि त्या पैशात मिळणारा फायदा फक्त गंज न लागण्याचा. आपण समुद्रकाठी राहत नाही.

तुमच्या वापरासाठी माझं मत सरळ आहे. पुढची आणि चेंबर-डिफरन्शियलची प्लेट ४ मिलिमीटर स्टीलची, आयएस २०६२ या भारतीय मानकाचा साधा हॉट रोल्ड पत्रा. गिअरबॉक्सखाली ३ मिलिमीटर पुरतो, कडांना पंचवीस मिलिमीटरचा बाक दिला की. बाक पत्र्याला फुकटची ताकद देतो. सपाट पाचच्या पत्र्यापेक्षा कडा वळवलेला तीनचा पत्रा कमी लवतो. मागे कॅनॉपी, छतावर तंबू, पाण्याची टाकी असं सगळं लादून लांबच्या प्रवासाला जाणाऱ्यांनी ॲल्युमिनियमचा विचार करावा, कारण त्यांच्यासाठी वीस किलो मोलाचे. शनिवारी निघून रविवारी परत येणाऱ्या गाडीला स्टील.

रंगाबाबत एक सूचना. पातळ पत्रा गरम झिंकमध्ये बुडवून गॅल्व्हनाइझ करू नका. ती टाकी साधारण ४५० अंशांची असते, पत्रा वेडावाकडा होतो आणि भोकं जुळेनाशी होतात. पावडर कोटिंग दिसायला छान, पण दगडाने एकदा टवका उडाला की त्याखालून गंज पसरतो आणि वरून दिसत नाही. झिंकवाला प्रायमर आणि वर साधा काळा चेसिस पेंट लावा. दर पावसाळ्यानंतर ब्रश फिरवता येतो, यापेक्षा जास्त काही लागत नाही.

बोल्टवर मात्र वेळ घालवा, कारण बहुतेक प्लेट पत्र्यामुळे नाही, बोल्टमुळे निकामी होतात. जपानी गाड्यांच्या चेसिसमध्ये एम १० च्या (१० मिलिमीटर व्यासाच्या) नटाचे आटे पुष्कळदा १.२५ मिलिमीटर अंतराचे असतात. बाजारात साधा एम १० बोल्ट मागितला की १.५ चा मिळतो. दोन्ही पहिला अर्धा फेरा सारखेच फिरतात. मग पाना लावून जोर दिला की चेसिसमधल्या नटाचे आटे जातात, आणि तो नट आत वेल्ड केलेला असल्यामुळे बदलणं हे मोठं काम होतं. बोल्ट घ्यायला सियागंजच्या बाजारात जाताना मूळ बोल्ट खिशात घेऊन जा, आटे आट्यांत बसवून बघा, आणि गाडीवर प्रत्येक बोल्ट आधी हाताने तीन-चार फेरे गेला तरच पाना लावा. ग्रेड ८.८ किंवा १०.९ डोक्यावर कोरलेला असतो. कोरलेलं नसेल तर तो बोल्ट घेऊ नका. टॉर्क ८.८ ग्रेडच्या एम ८ ला साधारण २५ न्यूटन मीटर, एम १० ला ४५ ते ५०. सगळे बोल्ट आधी सैल लावा, प्लेट नीट बसू द्या, मग आलटून पालटून आवळा. एका टोकापासून आवळत गेलात तर शेवटची दोन भोकं जुळतच नाहीत.

बोल्टचं डोकं प्लेटच्या खालच्या पातळीपेक्षा वर, आत बसायला हवं, म्हणजे दगड त्याला लागू नये. चांगल्या प्लेटमध्ये भोकाभोवती खोलगट वाटी असते. ती नसेल तर डोकं घासून गोल होतं आणि मग तो बोल्ट ग्राइंडरनेच कापावा लागतो, तोही नेमका तेल बदलायच्या दिवशी. बनवून घेणार असाल तर डोक्याच्या पुढे-मागे जाड पट्टीचे दोन छोटे तुकडे वेल्ड करून घ्या, तेवढ्याने काम भागतं. ॲल्युमिनियम प्लेट आणि स्टीलच्या चेसिसमध्ये जाड रबरी वॉशर टाका, नाहीतर ओलाव्यात दोन धातूंची जोडी ॲल्युमिनियम खाते.

इथे काळ्या मातीबद्दल बोलायलाच हवं. पावसाळ्यात आपली काळी माती प्लेट आणि इंजिनच्या मधल्या पोकळीत भरते, आणि वाळल्यावर ती सिमेंटसारखी घट्ट होते. काही किलो फुकटचं वजन आलं, ते सोडा. ती ओलावा धरून ठेवते, चेसिस आतून गंजतो, आणि ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सची उष्णता बाहेर पडायची वाटच बंद होते. प्लेट घेताना पाणी निथळायला आणि प्रेशरच्या पाण्याची नळी घालायला भोकं आहेत का, ते बघा. पण बोट जाईल एवढीच. तळहात जाईल एवढी भोकं असली की त्यातून फांदी किंवा दगड वर घुसतो. बंद थाळीसारख्या प्लेट छान दिसतात, आपल्याकडे त्या उपयोगाच्या नाहीत.

दुसरा धोका कोरड्या दिवसांतला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जानापावच्या उतारावर गवत कमरेएवढं असतं आणि सुकत असतं. सोयाबीन कापणीनंतर शेतातला कचरा, मार्च-एप्रिलमध्ये गव्हाची खुंटं. हे सगळं प्लेटवर साठतं, अगदी एक्झॉस्टच्या शेजारी. नव्या बीएस-६ डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो आणि तो स्वतःला साफ करताना आतलं तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत जातं. तुमची गाडी बीएस-४ काळातली आहे, तरी टर्बोच्या मागचा पाइप घाट चढल्यावर सुकं गवत पेटवण्याइतका तापतो. प्लेट एक्झॉस्टच्या खालून जात असेल तर तिथे मोठी मोकळी जागा किंवा खिडकी असलीच पाहिजे. गवतातून बाहेर आलात की थांबा, वाका, हाताने नाही, काठीने कचरा ओढून काढा. गाडीत अग्निशामक असूनही कितीतरी लोक तो मागच्या सीटखाली सामानात पुरून ठेवतात. तो ड्रायव्हरच्या हाताशी हवा.

ड्रेन बोल्ट आणि फिल्टरसाठीची खिडकी कुठे आहे, हे तुमच्या मेकॅनिकला दाखवा. दर सर्व्हिसला पूर्ण प्लेट उतरवावी लागत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कुणीतरी दोन बोल्ट कमी लावतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. खिडकीवर छोटं झाकण असेल तर उत्तम.

आता तिसऱ्या पर्यायाकडे, सांवेर रोडवर बनवून घेण्याकडे. मी याच्या बाजूने आहे, एका अटीवर. तिथे लेझर कटिंग आणि बेंडिंग प्रेस दोन्ही मिळतात, पत्रा लोहामंडीत मिळतो, आणि पिथमपूरच्या कारखान्यांमुळे चांगले कारागीरही इथे कमी नाहीत. पण त्यांना मापं तुम्ही द्यायची आहेत. आधी जाड पुठ्ठ्याचा साचा करून गाडीखाली लावा, मग एक-दीड मिलिमीटरच्या स्वस्त पत्र्याचा, आणि तो सगळीकडे नीट बसला की मगच चारचा पत्रा कापा. चार मिलिमीटरच्या पत्र्याला आतला बाक निदान चार मिलिमीटर त्रिज्येचा ठेवा, धारदार बाकावर पत्रा चिरतो. भोकं लंबगोल ठेवा, दोन-तीन मिलिमीटरची सवलत लागतेच. कारागीर 'अंदाजे लावून देतो' म्हणाला, साचा न करता थेट पत्रा कापायला निघाला, तर तयार किट घ्या.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मना करतं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने बुल बारवर कारवाई करायला राज्यांना लिहिलं. काही परदेशी किटमध्ये पुढची प्लेट बुल बारलाच जोडलेली असते, असा सेट घेऊ नका. कारण कायद्यापुरतंच नाही. चेसिसची पुढची टोकं धडकेत चेपून धक्का शोषण्यासाठी बनवलेली असतात. त्या टोकांपासून मागच्या क्रॉसमेंबरपर्यंत सलग जाड प्लेट ताठ बांधली तर ती चेपणं अडतं, आणि एअरबॅगच्या सेन्सरपर्यंत धक्का पोहोचण्याची वेळ बदलू शकते. पुढची आणि चेंबरची प्लेट वेगवेगळी असावी, यामागे हेही कारण आहे. विमा कंपनीला प्लेट ॲक्सेसरी म्हणून लेखी कळवा आणि बिल जपून ठेवा.

तर तुमच्या गाडीसाठी क्रम असा धरा. पहिल्यांदा चेंबर आणि पुढच्या डिफरन्शियलची प्लेट, कारण तिथला एक फटका इंजिन घेऊन जातो. तिच्याबरोबरच रेडिएटरखालची, कारण तिरका उतार तीच देते. मग ट्रान्स्फर केस, कारण पोट तिथेच टेकतं. गिअरबॉक्सची त्यानंतर. डिझेल टाकीला कंपनीचं संरक्षण आहे का, ते आधी बघा. असेल आणि शाबूत असेल तर त्या पैशात चांगले टायर घ्या. १.९ चा ॲल्युमिनियम सेट सोडून द्या. डी-मॅक्सवाल्याला तुमचा मापांचा कागद दाखवा. भोकं जुळली आणि पत्रा खरंच चारचा निघाला, व्हर्निअरने मोजून, तर घ्यायला हरकत नाही. नाहीतर सांवेर रोड.

लावल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. प्रत्येक बोल्टवर आणि शेजारच्या पत्र्यावर रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवा, म्हणजे पुढे नुसतं वाकून बघितलं तरी कोणता फिरला ते कळेल. पहिल्या खडकाळ फेरीनंतर प्लेट एकदा उतरवा आणि आतली बाजू बघा. तिथे चमकदार घासलेला डाग दिसला तर वरचं काहीतरी टेकत आहे. तो डाग कशाच्या खाली आला, ते मोजून मला कळवा, त्यावरून स्पेसर किती टाकायचा ते सांगता येईल.